सोंडेच्या डोंगरावरचा हलका धोंडा

मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सकाळी सोंडेच्या डोंगराच्या मध्यावर, पत्र्याच्या मांडवात, दीडशे माणसं घामाने निथळत बसली होती. प्रत्येकाच्या मांडीवर भगव्या फडक्यात बांधलेला एकेक धोंडा. बोलत कुणीच नव्हतं, कारण बोलायला श्वास उरला नव्हता. एक म्हातारे गृहस्थ खांबाला टेकून नुसते ओठ हलवत होते. त्यांची सून त्यांना पदराने वारा घालत होती.

सेवेकरी रांगेरांगेने आले. त्यांनी धोंडे टोपल्यांत भरले आणि पाठीमागच्या लाल पडद्याआड नेले. पडद्यामागून धूर आला, शंख वाजला. तोवर सगळ्यांना गुळाचं पाणी मिळालं. अर्ध्या तासाने धोंडे परत आले. फडक्याला नावाची चिठ्ठी टाचलेली, त्यामुळे ज्याचा त्याला मिळाला.

आणि मग दर पौर्णिमेला होतो तो चमत्कार झाला.

"कापूस झाला हो, कापूस झाला," कामोठ्याची एक बाई हसता हसता रडायला लागली. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब आपला धोंडा या हातातून त्या हातात चेंडूसारखा झेलत होते. पोरांचे मोबाइल वर झाले. खाली पायथ्याशी उचलताना नऊ किलो भरलेला धोंडा आता दोन किलोचाही लागत नव्हता.

पडद्यापुढच्या गादीवर भारहर महाराज बसले होते. लोक त्यांना लाडाने हलकेबाबा म्हणायचे. चाळिशीचा माणूस, दाढी तेल लावून विंचरलेली, हातात माइक.

"बाळांनो," महाराज म्हणाले, "गुरुत्वाकर्षण म्हणजे काय? गुरूचं आकर्षण. गुरू म्हणाला सोड, की पृथ्वी सोडते. सायन्सवाले अजून शोधतायत. तुमच्या पापाचं जेवढं वजन होतं तेवढं मी घेतलं. आता उरला तो नुसता दगड. एनर्जी फील होतेय ना? छातीत मोकळं वाटतंय ना?"

"वाटतंय," दीडशे माणसं म्हणाली. वाटणारच. अर्धा तास बसल्यावर कुणालाही वाटतं.

"हा दगड शिखरावरून दरीत सोडा. मागे बघायचं नाही. फडकं सोडायचं नाही. सोडलंत तर पाप परत अंगात शिरेल, मग माझ्याकडे यायचं नाही."

मी पाचव्या रांगेत बसलो होतो. शेजारी माझी मुलगी राजलक्ष्मी. आनंदाने रडणाऱ्या माणसांवर माझा राग नव्हता. मला फक्त गादीवरच्या त्या माणसाचा सूड घ्यायचा होता आणि त्यासाठी मी दीड महिना थांबलो होतो.

मी मानसिंग सपकाळ. मूळचा साताऱ्याकडचा, जावळीचा. वाशीच्या घाऊक बाजारात पस्तीस वर्षं माथाडी होतो. गोणी उचलायची, पाठीवर घ्यायची, गाळ्यात नेऊन थप्पी लावायची, एवढंच आयुष्य. घरी मी एकच फुशारकी मारायचो, की पस्तीस वर्षांत मानसिंगने ओझं कधी वाटेत टाकलं नाही. आता कामोठ्याला सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. मानेला गाठ आहे, गुडघे गेलेत, पण हातात वस्तू घेतली की वजन कळतं. पन्नास किलोच्या गोणीत किलोभर कमी असेल तर काट्याआधी मी सांगायचो आणि व्यापाऱ्यांचे चेहरे पडायचे.

सोंडेचा डोंगर करंजाड्याच्या पलीकडे. पायथ्यापासून मध्यापर्यंत उभा चढ, तिथून शिखरापर्यंत हत्तीच्या सोंडेसारखी लांबलचक, जेमतेम चढती धार. वर उभं राहिलं की खाडी दिसते, विमानतळ दिसतो. पूर्वी रविवारी पोरं फोटो काढायला यायची, धापा टाकत वर पोचायची आणि निम्मी अर्ध्यातून परतायची. मग तीन वर्षांपूर्वी हलकेबाबा आले आणि पायथ्याशी पाटी लागली: 'सोपी वाट. फक्त वीस मिनिटे. सर्व वयोगटांसाठी. गोळ्या-औषधे खाली ठेवा, श्रद्धा वर न्या.'

त्या पाटीचा हिशोब मी माथाड्याच्या भाषेत सांगतो. बाजारात माल उचलण्याआधी आम्ही पहिला प्रश्न विचारायचो, किती माळे? सपाटीवर गोणी नेणं वेगळं आणि जिन्याने वर नेणं वेगळं, दोन्हींची मजुरीही वेगळी. सपाटीवर माणूस स्वतःला नुसतं पुढे ढकलतो. चढावर तो प्रत्येक पावलाला स्वतःचं सगळं वजन उचलतो. पायथ्यापासून मांडवापर्यंतची उंची आहे साठ माळ्यांची. आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडली की सातव्या मजल्याची माणसं चौथ्यावर पायरीवर बसतात आणि सेक्रेटरीला शिव्या घालतात. तीच माणसं साठ माळे चढायला निघाली होती, काखेत नऊ किलोचा धोंडा घेऊन, कारण पाटीवर सोपी वाट लिहिलं होतं.

माझी बायको राजाबाई गेल्या वैशाखात निघाली ती अशीच.

तिला हृदयाचा त्रास होता. सकाळ-संध्याकाळ गोळ्या चालू होत्या. आमच्या मजल्यावरच्या रंगूबाई भजनी मंडळ चालवतात, त्या मंडळाच्या वीस बायका निघाल्या, त्यांच्याबरोबर ही पण. पाटी वाचून त्या दिवशीच्या गोळ्या पर्समध्ये ठेवल्या आणि पर्स पायथ्याच्या काउंटरवर. मी तेव्हा बाजारातल्या जुन्या मंडळींकडे गेलो होतो. राजलक्ष्मी सुट्टी काढून आईबरोबर होती. साडेदहाचं ऊन, उभा चढ. करवंदीच्या जाळीजवळच्या सपाट खडकावर राजाबाई बसली आणि म्हणाली, जरा धोंडा खाली ठेवते. तिथे उभा असलेला मुख्य सेवेकरी कुंदन म्हणाला, "खाली ठेवलंत तर पाप दुप्पट होतं, मावशी." ती उठली. पंचवीस पावलांवर पडली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

डॉक्टरांनी मला चारच गोष्टी सांगितल्या. चढ, ऊन, वजन आणि न घेतलेली गोळी. हलकेबाबांनी त्याच संध्याकाळी मांडवातून पाचवी सांगितली. "डोंगर कुणाला उगाच नेत नाही. त्या माउलीने काहीतरी लपवलं होतं. लपवलेल्या पापाचा भार मीही घेऊ शकत नाही."

झालं. तीस वर्षं जिने स्वतःच्या घासातला घास शेजारणीच्या पोरांना दिला, तिच्याबद्दल जिन्यात कुजबुज सुरू झाली. काय बरं लपवलं असेल? लग्नाआधीचं असेल का? सासूचे दागिने? भजनी मंडळाच्या खोलीत वारलेल्या बायकांचे फोटो आहेत, तिथे राजाबाईचा लागला नाही. रंगूबाई मला म्हणाल्या, "भाऊजी, लोकं ऐकत नाहीत हो. मला काय, मी लावला असता."

हेही मी गिळलं असतं. पण दिवाळीत एका संध्याकाळी राजलक्ष्मी माझ्यासमोर बसली. महाप्यात नोकरी करते, कंपनीत चाळीस माणसं तिच्या हाताखाली आहेत. ताटातल्या भाताकडे बघत ती म्हणाली, "पप्पा, एक विचारू? आईनं खरंच काही केलं होतं का?"

मी जेवणावरून उठलो. त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाला मी सोडणार नाही.

पुढच्या पौर्णिमेला मी एकटाच गेलो. पायथ्याच्या ढिगातून धोंडा घेतला, पण बांधायला सेवेकऱ्याला दिला नाही. "म्हातारा आहे, स्वतःच्या हाताने बांधतो," म्हणालो आणि बाजारातली गाठ मारली. ओढली की घट्ट होते, टोक खेचलं की एका झटक्यात सुटते. ती गाठ माथाड्यांच्या टोळीत राहिल्याशिवाय कुणाला येत नाही. गुडघ्यांचं काय झालं ते सांगत नाही, पण पाच वेळा बसत मी मांडव गाठला. पडद्याआडून फडकं परत आलं तेव्हा चिठ्ठी माझी होती, फडकं तसंच भगवं होतं आणि गाठ बुटाच्या नाडीसारखी होती. हातात घेतलं. एक किलो नऊशे, फार तर दोन.

मी शिखरावर गेलो, सगळ्यांबरोबर फेकलं आणि दुसऱ्या दिवशी दरीच्या तळाशी जाऊन बघितलं. खाली पांढरा चुरा पसरला होता. गुराख्याने मला भक्तिभावाने सांगितलं, "पापं धुऊन पांढरी झाली ती." मी एक तुकडा उचलून डबक्यात टाकला. तो तरंगायला लागला. करंजाड्यात आज प्रत्येक नव्या इमारतीच्या भिंतीला हाच माल लागतो. एएसी ब्लॉक म्हणतात त्याला. आत हवेचे बारीक बुडबुडे असतात, म्हणून धोंड्याएवढ्याच आकाराचा तुकडा धोंड्याच्या पाव वजनाचा भरतो. नंतर कळलं, की हलकेबाबांचं नाव अश्विन आणि दाढी वाढवण्याआधी ते अशाच एका इमारतीवर साइट सुपरवायझर होते.

तेवढ्यावर मी बोंब मारली असती तर कुणी ऐकलं नसतं. म्हणून आधी पार्किंगचा मालक कमळाकरशेठ याला गाठलं. पायथ्याची जमीन त्याची, जुन्या आगरी गावातला वजनदार माणूस.

"ए मानसिंग, तू कय बोलतंस त्ये तुला तरी समजतंय का?" तो म्हणाला. "बाबा आयलं तवापासून गावाला बरकत हाय. तुजी बायको गेली, त्याचा दुख हाय मना. पन उगाच पानी गढूल नको करू."

"शेठ, पौर्णिमेला वर मांडवात या. एवढंच करा."

"येन. मना कोनाचा भ्या हाय?"

मग सितारामकडे गेलो. सिताराम आमच्या टोळीचा मुकादम, आता सत्तरीला आला. मी सगळं सांगितलं. तो सुपारी कातरत ऐकत होता.

"धोंडं परत खाली कसं जात्यात?" त्याने विचारलं.

"पाठीमागून कच्चा रस्ता आहे. महाराजांचा तपोमार्ग म्हणतात. भक्तांना बंदी. बाबा जीपने जातो, धोंडे टेम्पोने."

"टेम्पोवाला कोन हाय?"

कोण निघावा? आमच्याच बाजारात वीस वर्षं कांदा वाहणारा माणूस. सितारामने त्याला चहाला बोलावलं आणि विचारलं, बाबा रे, काय वाहतोस? त्याने सगळं सांगून टाकलं. वर जाताना ब्लॉकची गाठोडी, खाली येताना दगड. तीन वर्षांत त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं.

तर त्या मार्गशीर्ष पौर्णिमेला राजलक्ष्मी आईच्या नावाने धोंडा न्यायला निघाली. आईचं जे काही असेल ते फिटावं म्हणून. मी तिला अडवलं नाही. धडधाकट पोरगी आहे, चढेल. तिच्या डोळ्यांसमोरच व्हायला हवं होतं. माझा धोंडा मी आदल्या दिवशीच ढिगातून घरी आणला होता आणि त्यावर गोणीवर मार्का मारायच्या निळ्या शाईने नाव घातलं होतं, राजाबाई मानसिंग सपकाळ. वरून फडकं, वरून बाजारची गाठ.

आणि आता, माणसं कापूस कापूस म्हणून रडत असताना, माझ्या हातात बुटाच्या नाडीची गाठ आली होती.

मी उभा राहिलो. "महाराज, एक शंका आहे."

"शंका म्हणजे मनाचा आजार, बाबा. बसा."

"आजारी आहे म्हणूनच विचारतो. माझी गाठ कुणी बदलली?"

आणि फडकं सोडलं. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळे झाकले, बहुतेक पाप उडून त्यांच्या अंगात शिरेल म्हणून. माझ्या हातात पांढरा ठोकळा होता, वरून राखाडी रंग फासलेला. मी तो गुळाच्या पाण्याच्या पिंपात टाकला. बुडाला नाही.

मला वाटलं होतं आता हा गडबडेल. पण त्या माणसाची तारीफ करायला हवी. त्याने क्षणभर पिंपाकडे बघितलं आणि दोन्ही हात वर केले.

"तरला," तो माइकवर म्हणाला, "बाळांनो, दगड तरला. पापमुक्त दगड तरतो हे आज तुम्ही डोळ्यांनी बघितलं."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं सांगत नाही, टाळ्या वाजवल्या. रंगूबाई तर उठून पिंपाला हात जोडायला गेल्या. राजलक्ष्मीने माझी बाही धरली. "पप्पा, बसा ना प्लीज. सगळे बघतायत." पस्तीस वर्षांत एवढं हताश मला कधी वाटलं नव्हतं. मला वाटलं, झालं, हरलो.

तेवढ्यात लाल पडद्यातून लोखंडी आकडा बाहेर आला. गोणी ओढायचा, माथाड्याच्या कमरेचा. तो पडद्यात अडकला, खाली ओढला गेला आणि पडदा दांडीसकट खाली आला.

पडद्यामागे भगव्या गाठोड्यांची थप्पी होती, दुसऱ्या तुकडीसाठी बांधून ठेवलेली. चार सेवेकरी हातात रिकाम्या टोपल्या घेऊन उभे होते आणि त्यांच्यामागे टेम्पो. टेम्पोच्या पुढे सिताराम आणि टोळीतले पाच म्हातारे. सितारामच्या पाठीवर धोंडा होता. तो चालत आला, माझ्यासमोर वाकला, धोंडा जमिनीवर ठेवला आणि फिरवला. निळ्या शाईत माझ्या बायकोचं नाव.

"मालक," सिताराम बाबाकडे बघून म्हणाला, "तुमचं पाप खाली निगालं व्हतं टेम्पोत. म्हनलं, वाराई घेतल्याबिगर कसं जाऊ द्यायचं?" वाराई म्हणजे माल उतरवायची मजुरी. आमच्या टोळीतले पाचही जण हसले. बाकी कुणी हसलं नाही.

आधी बँकेचे साहेब उठले. त्यांनी आपलं फडकं सोडलं. मग ती कामोठ्याची बाई. मग खाली बसलेला सगळा मांडव गाठी सोडायला लागला आणि जिकडे तिकडे रंग फासलेले ठोकळे दिसायला लागले. रंगूबाईंनी सर्वांत शेवटी सोडली. त्यांनी त्या ठोकळ्याला नख लावलं, चुरा निघाला, तो त्यांनी बोटांवर बराच वेळ बघितला.

"ही लीला आहे," बाबा म्हणाला. माइक आता खरखरत होता. "परीक्षा घेतली मी तुमची. भार तर हलका झाला ना? शरीराला जाणवलं ना?"

"जाणवलं," मी म्हणालो. "कसं ते सांगतो. नऊ किलोचे दोन केले. अर्धा तास बसवलं, धाप ओसरली. गुळाचं पाणी पाजलं, अंगात जोर आला. आणि इथून पुढे चढच नाही, नुसती धार आहे. साठ माळे उरकून झाल्यावर माणसाला बाजारपेठेतून चालल्यासारखं वाटतं. तुम्ही नसतात तरी वाटलं असतं. आता हा खरा धोंडा आहे. हा घ्या आणि पायथ्यापासून इथवर या. पाटीवर वीस मिनिटं लिहिलीत तुम्ही. तुम्ही भारहर आहात. पंधरात याल."

"मी साधक आहे, हमाल नाही."

तेव्हा मागून कमळाकरशेठ पुढे आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "बाबा, चला. आमचे गावाचे नावाचा परश्न हाय. नायतर पोलीस येतील तवर हितंच बसाल, एवऱ्या मानसांच्या मधी. कुठला बरा, त्ये तुमीच ठरवा."

बाबाने त्या दीडशे माणसांकडे बघितलं आणि जीपमध्ये बसला. धोंडा घेऊन आम्हीही मागे चढलो, बाकीचे पायवाटेने उतरले.

पायथ्याशी राजलक्ष्मीने मनगटावरचं घड्याळ काढलं, ते छातीचे ठोके मोजतं, आणि बाबाच्या मनगटाला बांधलं. मी धोंडा बाबाच्या खांद्यावर ठेवला. पाटीखालून आम्ही निघालो. पुढे बाबा, मागे मी आणि राजलक्ष्मी, बाजूला कुंदन, त्यामागे निम्मा मांडव. मी गुडघ्यांना सांगितलं, आजच्या दिवस साथ द्या.

पाच मिनिटं बाबा तोऱ्यात चालला. नामस्मरणही चाललं होतं. मग नाम थांबलं. दहाव्या मिनिटाला धोंडा उजव्या खांद्यावरून डाव्यावर आला. घड्याळ दीडशे दाखवत होतं. पंधराव्या मिनिटाला डाव्यावरून पोटाशी. दाढीतून घाम गळत होता. विसावं मिनिट झालं तेव्हा मी मोठ्याने सांगितलं, "महाराज, वीस झाली. पाटीप्रमाणे तुम्ही पोचलात." अजून निम्मा चढही झाला नव्हता.

मला हे बघताना आनंद होत होता. लपवून काय करू? त्याचे पाय लटपटताना मला जेवल्यासारखं समाधान होत होतं.

सव्विसाव्या मिनिटाला करवंदीची जाळी आली आणि तो सपाट खडक. घड्याळात एकशे बहात्तर. बाबा थांबला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. तो खडकावर टेकला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "जरा... खाली ठेवू का?"

सात महिने मी याच वाक्याची वाट बघत होतो.

"खाली ठेवलंत तर पाप दुप्पट होतं," मी म्हणालो. "काय रे कुंदन, असंच ना?"

बाबा उठायला गेला, गुडघा वाकला, पुन्हा बसला. मी म्हणालो, "उठा." त्या क्षणी तो तिथे मेला असता तरी मला चाललं असतं. मी खरं तेच लिहितोय.

राजलक्ष्मीने माझा दंड धरला.

"पप्पा, आई इथंच बसली होती," ती म्हणाली. "मी तुम्हाला एक सांगितलं नाही. कुंदन बोलला ते खरं, पण तेव्हा मी असलं काही मानत नव्हते, मी आईला म्हणाले होते, तू ठेव गं, पाप-बिप काही नसतं. ती हसली. म्हणाली, पापाला कोण घाबरतंय? पण माथाड्याची बायको आहे मी. तुझ्या पप्पांनी पस्तीस वर्षांत कधी वाटेत ओझं टाकलं नाही, मी नऊ किलोला टाकू? आणि उठली."

माझ्या कानांत एकदम काहीतरी बंद झाल्यासारखं झालं. मागे माणसं काहीतरी बोलत होती, ती मला ऐकू येईनात.

मी बाबाच्या पोटावरचा धोंडा दोन्ही हातांनी उचलला आणि खडकावर ठेवला. मग त्याच्या शेजारी बसलो.

"लक्ष्मी," मी म्हणालो, "ते खोटं होतं."

"काय खोटं?"

"बाजारात मी दर खेपेला टेकायचो. गाळ्याच्या कठड्याला गोणी टेकवायची, वीस श्वास मोजायचे, मग पुढे. सगळी टोळी टेकायची. सितारामला विचार. न टेकता राहिलेले दोघं चाळिशीत गेले. घरी तुमच्यासमोर तेवढा मोठेपणा मिरवायचो. मला काय माहीत ती खरं धरून बसली होती."

राजलक्ष्मी माझ्या शेजारी खडकावर बसली. मग तिने बाबाच्या मनगटावरचं घड्याळ सोडवलं. "एकशे चाळीसवर आलं," ती म्हणाली. "बसल्यावर उतरतंय. आईचंही उतरलं असतं."

बाबाला पाणी पाजलं. पोलीस आल्यावर जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली, राजाबाईला धोंडा खाली ठेवू न दिल्याची वेगळी दिली. पहिली सही माझी, दुसरी रंगूबाईंची. त्यांनी फोटोचं विचारलं तेव्हा मी म्हणालो, फोटो लावा, पण माझ्यासमोर सगळ्या मंडळाला सांगून लावा, की ही बाई चढ, ऊन, वजन आणि चुकलेल्या गोळीने गेली. त्यांनी सांगितलं. मी समोर खुर्ची टाकून शेवटपर्यंत ऐकलं. माझा सूड अजून पुरता झालेला नाही. केस चालू आहे आणि प्रत्येक तारखेला मी पहिल्या बाकावर असतो, बाबाला दिसेन असा.

पायथ्याची पाटी टोळीने उपटली. कमळाकरशेठने स्वतःच्या खर्चाने नवी लावली, मजकूर राजलक्ष्मीचा. मांडवापर्यंत साठ माळ्यांचा उभा चढ आहे. चांगल्या प्रकृतीच्या माणसाला पाऊण तास ते एक तास लागतो. हृदयाचा, दम्याचा, रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून या, गोळ्या घेऊन या, पाणी घेऊन या. उन्हात चढू नका. कुठलाही दगड कुणाचंही पाप मोजत नाही. जो तुम्हाला तसं सांगेल त्याला आधी स्वतः उचलायला लावा आणि पडद्यामागे काय आहे ते बघा.

पाटीच्या अगदी खाली आणखी एक ओळ मी घातली. करवंदीजवळच्या सपाट खडकावरही तीच निळ्या शाईने लिहिली आहे. पावसाने पुसली की दरवर्षी जाऊन पुन्हा लिहिणार आहे, बसत बसत.

धाप लागली तर इथे बसा. हातातलं खाली ठेवा. आम्ही माथाडीसुद्धा ठेवतो.